शहजादीबाईंचे पाच खांब

कडाड्‌ करून आवाज झाला आणि बेहेरे बाई दिसेनाशा झाल्या.

तशा त्या होत्या तिथंच, फक्त त्यांच्यावर आता तंबू होता. जाड हिरव्या कापडाखालून आधी एक कोपर वर आलं, मग शिट्टीचा आवाज. गाइड कॅप्टनची शिट्टी ती, एकोणीस वर्षांत कुठल्याही प्रसंगात गप्प बसलेली नव्हती. ती तंबूखालूनही वाजत राहिली. बाहेर चोवीस मुली दोऱ्या हातात धरून तशाच उभ्या होत्या. हसावं तर बाई ऐकतील, न हसावं तर पोट फुटेल, अशी त्यांची गत. शेवटी एकीला फिस्सकन हसू फुटलं आणि मग वारज्याच्या त्या माळावर चोवीस जणींचं हसणं असं काही उसळलं, की कालव्याकाठचे बगळे उडाले.

शहजादीबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या चुलीपाशी बसून बटाटे चिरत होत्या. आवाज ऐकला आणि विळीवरचा हात तिथंच थांबला. मान वर न करताही त्यांना कळलं होतं, की खांब कुठला मोडला, कुठं मोडला आणि का मोडला.

"या अल्ला," त्या पुटपुटल्या, "भोकाशीच गेला असणार."

शहजादीबाई म्हणजे शाळेच्या शिपाई. पेठेतल्या त्या मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं नोकरी, येत्या मे महिन्यात रिटायर. घंटा त्यांच्याकडे, पाण्याचा माठ त्यांच्याकडे, आणि तळघरातल्या स्टोअरची किल्ली त्यांच्याकडे. माणूस लाखात एक. खोट एकच, आणि तीही सगळ्या पेठेला ठाऊक: कुणी काही मागितलं की या बाईच्या तोंडून नकार निघायचा नाही. शेजारणीला कढई हवी, ने. कुणाच्या लग्नात सतरंजी कमी पडली, ने. रमजानमध्ये स्वतःच्या घरची मोठी डेग तीन गल्ल्या फिरून ईदच्या दुसऱ्या दिवशी घरी येई, आणि यांनी तोवर शेजारच्या पातेल्यात शीरखुर्मा केलेला असे. अशा बाईच्या हाती कुणी स्टोअरची किल्ली द्यावी? शाळेनं दिली होती. अठ्ठावीस वर्षं काही हरवलं नाही, हे खरं तर आश्चर्यच म्हणायचं.

पण या वर्षी गणपतीत त्यांचा भाचा नासिर आला. नासिर गल्लीतल्या नवहौशी मित्र मंडळाची रोषणाई करायचा. "खाला," तो म्हणाला, "कमानीला पाच खांब कमी पडतायत. तुमच्या शाळेच्या तंबूंचे पडूनच असतात की वर्षभर. दहा दिवसांचा सवाल आहे." गणपतीचं काम, त्यात भाचा, त्यात दहाच दिवस. चार तंबूंच्या आठ खांबांतले पाच शहजादीबाईंनी दिले. अनंतचतुर्दशीनंतर तिसऱ्या दिवशी ते परत आलेसुद्धा, अगदी पुसून. फक्त चार खांबांना मध्यावर आरपार भोक पाडलेलं होतं, वायर दिसू नये म्हणून. पाचवा कमानीत बसेना, तो वीतभर कापलेला होता. आणि खांब दुसऱ्या मंडळानं पळवू नयेत म्हणून पाचांवरही लाल ऑइलपेंटमध्ये मंडळाचं नाव घातलेलं होतं.

आता दुसरं कुणी असतं तर सरळ हेडबाईंकडे जाऊन सांगून मोकळं झालं असतं. शहजादीबाईंनी काय करावं? त्यांनी भोकांत मेणबत्तीचं मेण भरलं, वरून तपकिरी बूटपॉलिश फासलं आणि पाचही खांब इतके चकाचक घासले की पुढच्या तपासणीत दिगंबर शिपाई म्हणाला, "बाई, खांब नवे आणले काय?" आखूड खांबाबद्दल त्यांनी मनाची समजूत घातली होती, की रानातली जमीन कुठं सपाट असते? उंचवट्यावर उभा करू.

आणि आज हे असं झालं होतं.

तोवर मुलींनी बाईंना तंबूखालून बाहेर काढलं होतं. बेहेरे बाईंची निळी साडी धुळीनं माखली होती, चष्मा कपाळावर गेला होता, पण अंबाडा जागच्या जागी होता. त्या खांबाच्या दोन तुकड्यांकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "दुसरा ताणा."

मुलींनी दुसऱ्या तंबूच्या दोऱ्या ताणल्या. पुन्हा कडाड्‌. या वेळी आत कुणी नव्हतं एवढंच.

"वा," बाई म्हणाल्या. "प्रगती आहे."

गाडीजवळ उभा राहून विडी ओढणारा ड्रायव्हर जयसिंग हळूच पुढं आला. शाळेनं भाड्यानं घेतलेली बस त्याची. "बाई, मी चारला निघणार बरं का. संध्याकाळी मालकाचं वऱ्हाड न्यायचंय हडपसरला. मुलींना परत न्यायचं असंल तर चारच्या आत सांगा. नंतर मग परवापर्यंत गाडी न्हाई."

बाईंनी घड्याळ बघितलं. पावणेदोन वाजले होते. डिसेंबरची थंडी, उघडा माळ, चोवीस मुली. चार तंबूंपैकी दोन आडवे.

मुलींचं हसणं एकदम थांबलं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, हेडबाईंना मुळात हे शिबिर नकोच होतं. ८१ साल उजाडलं तरी मुलींना रानात मुक्कामाला पाठवायचं म्हणजे काय, असं पालकसभेत तिघांनी विचारलं होतं. बेहेरे बाई हेडबाईंशी भांडल्या, पालकांच्या घरी गेल्या, तेव्हा कुठं परवानगी मिळाली. तीही या अटीवर, की काही वेडंवाकडं झालं तर हे शिबिर शेवटचं. आज गाडी भरून परत गेली असती, तर या शाळेतली एकही मुलगी पुढं कधी तंबूत झोपली नसती. चोवीसपैकी वीस जणी तर घराबाहेर पहिल्यांदाच राहणार होत्या. शहजादीबाईंना एकेकीची आई माहीत होती, आणि एकेकीनं घरी किती रडून परवानगी मिळवलीय तेही माहीत होतं.

"दिगंबर," बेहेरे बाई म्हणाल्या. "खांब तपासले म्हणून सही त्याची आहे. परत गेले की त्याचं बघते. चार दिवस पगार कापला की डोळे उघडतील."

बिचारा दिगंबर! तो या वेळी शाळेच्या फाटकावर स्टुलावर बसून पेंगत असणार. शहजादीबाई विळीवरून उठल्या. पदराला हात पुसला. दोन पावलं पुढं आल्या आणि थांबल्या. तोंड उघडेना.

पण त्यांना ते उघडावं लागलंच नाही. प्रेमला नावाची नववीतली मुलगी, तुकडीची प्रमुख, मोडका खांब उचलायला वाकली आणि किंचाळली. "बाई! माझे हात बघा!"

तिचे तळहात तपकिरी झाले होते. मग बाकीच्यांनी आपापले हात बघितले. ज्यांनी ज्यांनी खांब धरले होते त्या सगळ्यांचे हात चामड्याच्या बुटासारखे. आणि प्रेमलाच्या हातातल्या खांबावरचं पॉलिश जिथं निघालं होतं तिथं लाल अक्षरं दिसत होती. प्रेमलानं ओढणीनं घासलं आणि वर्गात धडा वाचावा तसं खणखणीत वाचलं:

"नवहौशी मित्र मंडळ. गणेशोत्सव. हा खांब चोरणाऱ्याचं वाटोळं होईल."

बेहेरे बाईंनी चष्मा नाकावर आणला, खांब हातात घेतला आणि स्वतः पुन्हा एकदा वाचला.

"आपल्या शाळेनं गणपती बसवल्याचं मला कुणी कळवलं नाही," त्या म्हणाल्या. "आरतीला आले असते."

"बाई," शहजादीबाई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. "बाई, दिगंबरला काही बोलू नका. मी दिले. पाच दिले. भाचा मागायला आला, मी दिले. भोकं मी बुजवली. पॉलिश पण मीच लावलं."

"पॉलिश कुणाचं?"

"हेडबाईंच्या कपाटातलं."

कुठल्या तरी मुलीला पुन्हा हसू फुटलं आणि बाईंनी नुसती मान वळवली तशी ती गप्प झाली. "शहजादीबाई, या शाळेत तुम्हाला अठ्ठावीस वर्षं झाली. शाळा आहे हो ती. कुठल्याच इयत्तेत तुम्हाला 'नाही' म्हणायला शिकवलं नाही?"

शहजादीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पदरानं पुसलं तर मुलींना दिसणार म्हणून तसंच वाहू दिलं. मग त्या खाली बसल्या, मोडका खांब मांडीवर घेतला आणि मोडलेल्या जागी बोट फिरवलं. लाकूड चांगलं होतं. भोकाच्या दोन्ही बाजूंनी उभी चीर गेली होती, पण आतून सडकं नव्हतं. त्यांचं बोट पुन्हा पुन्हा फिरलं.

"बाई," त्या म्हणाल्या, "मला दोन तास द्या."

"काय करणार?"

"बांधते. माझे अब्बा ताबूत बांधायचे. तुम्ही पाहिले असतील, मोहरममध्ये गंजपेठेतून निघायचे. दोन मजली. बांबूच्या कामट्या आणि दोरी, बाकी काही नाही. खिळा एक नाही. मी चौदा वर्षांची होईपर्यंत त्यांच्या हाताखाली बांधत होते. मग लग्न झालं."

बेहेरे बाईंनी घड्याळ बघितलं, जयसिंगकडं बघितलं, मुलींकडं बघितलं. "चार वाजता मी प्रत्येक खांबाला स्वतः लोंबकळणार," त्या म्हणाल्या. "मोडला तर गाडीत."

बांबू तिथून शंभर पावलांवर होता. हे शेत सर्जेरावांचं; त्यांची मुलगी शाळेत होती म्हणून तर जागा मिळाली. सर्जेराव मार्केट यार्डात पेरू घेऊन गेले होते आणि घरी त्यांची आई होती, बायडाबाई. सत्तरीची बाई, काटक, कालव्याच्या कडेला बांबूच्या बेटापाशी शेळ्या राखत बसलेली. शहजादीबाईंनी कोयता मागितला आणि चार बांबू मागितले, तशी ती उभीच राहिली.

"बांबू? आन्‌ आत्ता?" ती म्हणाली. "अवो बया, चांदण्याचा पंधरवडा हाय. उजेडात बांबूला कोयता लावीत न्हाईत. भुंगा लागतो. पार पीठ करतो बांबूचं. माझ्या सासऱ्यानं कदी लावला न्हाई, म्या कदी लावला न्हाई, आन्‌ सर्जा तर मार खाईल माझा."

शहजादीबाईंना हे ठाऊक होतं. अब्बासुद्धा बांबू आणायचे ते अवसेच्या आसपास, आणि उजेडातला बांबू कुणी फुकट दिला तरी परत करायचे. वाद घालायला जागाच नव्हती. त्या बायडाबाईजवळ बसल्या.

"आजी, भुंगा लागायला किती दिवस लागतात?"

"चार म्हयने. सा म्हयने."

"आणि माझ्या पोरी जाणार परवा दुपारी. मी जाणार मे महिन्यात. भुंगा येईल तेव्हा कुणी नसेल हो त्याच्यासाठी बसलेलं."

बायडाबाईनं त्यांच्याकडं बघितलं. मग तोंडावर पदर धरून ती अशी हसली, की शेळ्या माना वर करून बघायला लागल्या. "बाई गं! भुंग्यालाच फशिवते की ही! घे, घे. सर्जानं इचारलं तर सांगंन, तुझ्या बापानं सपनात येऊन तोडाया सांगितला." आणि तिनं स्वतःच कोयता उचलला. सत्तरीची बाई, पण एका घावात बांबू आडवा. बाजेला लावायचा म्हणून राखलेला काथ्याचा मोठा गुंडाही तिनं घरातून आणून दिला आणि वर म्हणाली, "बाज काय, भुईवर बी झोपता येतंय."

झालं, कामाला सुरुवात झाली. आणि पहिलाच खटका उडाला तो बेहेरे बाईंशी. बाईंनी मुलींना गाठी शिकवल्या होत्या. पुस्तकात होत्या तशा, आकृत्या काढून, नावानिशी. गाठींच्या परीक्षा घ्यायच्या त्या, बिल्ले द्यायच्या. त्यांनी मोडक्या खांबाला बांबू उभा फाडून काढलेल्या दोन खपच्या लावायला लावल्या, कोरडी दोरी घेतली आणि मुलींकडून पुस्तकी बांधणी करवून घेतली. दिसायला देखणी झाली. मग बाईंनी खांब उभा करून गुडघ्यानं जरा रेटला, आणि खपच्या सरकन घसरून खाली आल्या. विजार सुटावी तशा.

"बाई, रागावू नका," शहजादीबाई म्हणाल्या. "दोन खपच्यांत खांब हलतो. तीन पाहिजेत. आणि दोरी ओली पाहिजे."

"पुस्तकात दोन आहेत."

"पुस्तक लिहिणाऱ्याचा खांब मोडला नसेल हो."

बाईंनी ओठ आवळले. मग त्यांनी दोरी शहजादीबाईंच्या हातात दिली आणि स्वतः बाजूला जाऊन दगडावर बसल्या. मुलींना वाटलं, झालं, बाई चिडल्या. पण बाई बघत होत्या.

शहजादीबाईंनी काथ्या कालव्यात बुडवून आणायला लावला. जयसिंगला बांबू उभा फाडायला बसवलं; वऱ्हाडाच्या गाडीचा ड्रायव्हर मांडी घालून खपच्या काढायला लागला आणि मुलींना दम द्यायला लागला. "ए, पायात कूस जाईल, लांब हो." मग शहजादीबाई बसल्या. पायांच्या अंगठ्यात खांब धरला, दातात दोरीचं टोक. आणि गंमत बघा: अठ्ठावीस वर्षं ज्या बाईनं घंटा वाजवली, फरशी पुसली, चहाचे कप विसळले, त्या बाईचे हात एकाएकी दुसऱ्याच कुणाचे झाले. तीन खपच्या तीन बाजूंनी. बांधायला सुरुवात टोकाकडून नाही, मोडलेल्या जागेपासून; मध्यातून वर, मग मध्यातून खाली. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला खेटून. मधे फट दिसली की त्या "च्च" करायच्या आणि सोडून पुन्हा घालायच्या. शेवटी दोरीत काडी घालून पीळ द्यायच्या आणि खपचीखाली बारीक पाचर ठोकायच्या. ठक, ठक, ठक. तिसऱ्या ठोक्याला खांब असा गच्च झाला, की जयसिंग म्हणाला, "आयला, हा तर नव्यापेक्षा भारी."

"आता तुम्ही," शहजादीबाई मुलींना म्हणाल्या. "आठ आठ जणी एका खांबाला. एक धरेल, एक बांधेल, बाकीच्या वेढे मोजतील. घाई केली त्या गटाला दुपारचा बटाटा नाही."

माळावर मग जे काही चाललं! तीन घोळके, तीन खांब; भोक पडलेले पण न मोडलेले दोनही आताच बांधून टाकायचे. ओल्या काथ्यानं हात सोलवटत होते आणि कुणाला त्याची शुद्ध नव्हती. आधी तपकिरी झालेले हात आता काथ्यानं पिवळे झाले. एक घोळका गाणं म्हणत वेढे घालत होता आणि गाण्याच्या ओळीला एक वेढा असा हिशेब ठेवत होता. शहजादीबाई या खांबाकडून त्या खांबाकडं धावत होत्या, "अगं ओढ, जेवली नाहीस का", "हां, अस्सं, शाब्बास", "ही फट कुणाची, ही फट कुणाची?" बायडाबाई शेळ्या सोडून येऊन बसली होती आणि जी बरी बांधेल तिला पेरू देत होती. अर्ध्या तासानं प्रेमलानं पहिला खांब बांधून संपवला आणि शहजादीबाईंनी त्यावर अंगठा फिरवला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंगठा कुठं अडला नाही. शहजादीबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी प्रेमलाच्या गालाची पापी घेतली. शाळेच्या इतिहासात शिपायानं विद्यार्थिनीची पापी घेतल्याचं हे पहिलंच उदाहरण असेल. बेहेरे बाईंनी आकाशाकडं बघितलं.

पाचवा खांब, तो वीतभर आखूड, शहजादीबाईंनी स्वतःकडं ठेवला होता. जाडजूड बांबूचा हातभर तुकडा घेतला, खांबाचा पाया कोयत्यानं तासून बारीक केला आणि बांबूच्या पोकळीत पेरापर्यंत ठोकून बसवला. वरून काथ्याचे वेढे. खांबाला नवा पाय आला. त्या ते वेढे घालत असताना कुणीतरी शेजारी येऊन बसलं. बघितलं तर बेहेरे बाई.

"या गाठीला काय म्हणतात?" बाईंनी विचारलं. हातात त्यांची ती गाठींची वही होती.

"नाव नाही, बाई."

"असं कसं? वडील काय म्हणायचे?"

शहजादीबाईंनी आठवून बघितलं. "'अशी' म्हणायचे. 'बेटा, अशी घाल.'"

बाईंनी वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं. मग दोरीचं टोक हातात घेतलं आणि म्हणाल्या, "दाखवा. सावकाश."

एकोणीस वर्षं गाठी शिकवणाऱ्या बाईंना पहिला वेढा नीट जमला नाही. शहजादीबाईंच्या तोंडून सवयीनं "च्च" गेलं आणि त्यांनी जीभ चावली. पण बाईंनी मुकाट्यानं सोडला आणि पुन्हा घातला. तिसऱ्या खेपेला जमला. "आता ठीक?" बाईंनी विचारलं, आणि त्या आवाजात एखाद्या सातवीतल्या मुलीचं कौतुक करून घेणं होतं. शहजादीबाई म्हणाल्या, "एकदम ठीक."

चारला दहा कमी असताना चारही तंबू उभे होते. बेहेरे बाईंनी पदर खोचला, पायातल्या चपला काढल्या आणि बोलल्याप्रमाणे खरोखरच पहिल्या खांबाला दोन्ही हातांनी धरून लोंबकळल्या. पाय जमिनीपासून वर. चोवीस मुली श्वास धरून उभ्या, जयसिंगची विडी बोटातच विझलेली. शहजादीबाईंनी डोळे मिटून घेतले होते. काथ्या करकरला. मग गप्प झाला. बाई लोंबकळतच म्हणाल्या, "पुढचा."

असे पाचही झाले. शेवटच्या खांबावर, त्या नव्या पायाच्या, बाई जरा जास्तच वेळ लोंबकळल्या, असं मुलींचं मत पडलं. उतरल्या, चपला घातल्या आणि जयसिंगला म्हणाल्या, "जा तुम्ही. वऱ्हाड वाट बघत असेल. परवा दुपारी दोनला या."

मग जो काही आरडाओरडा झाला! मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या, दोन जणी शहजादीबाईंच्या कमरेला बिलगल्या, बायडाबाईनं उरलेले सगळे पेरू उधळले. जयसिंग कालव्याच्या पुलापर्यंत हॉर्न वाजवत गेला. आणि शहजादीबाई त्या गोंगाटात मध्यभागी उभ्या राहून रडत होत्या आणि हसत होत्या, आणि सारखं एकच म्हणत होत्या, "बटाटे राहिले गं माझे, बटाटे राहिले."

दोन दिवस कसे गेले ते कुणालाच कळलं नाही. पहाटेचं धुकं, कालव्यातलं गारठलेलं पाणी, करपलेली भाजी, कुणाच्या तरी पांघरुणात सापडलेला बेडूक. दुसऱ्या दिवशी वारा सुटला तेव्हा सगळ्या मुली खांब बघायला धावल्या. खांब हलले नाहीत. वाळत आला तसा काथ्या आणखीच आवळत गेला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी आवराआवर झाली. तंबूंची कापडं झटकून घड्या पडल्या, खुंट्या मोजून पोत्यात गेल्या. मुली खांबांभोवती बसून काथ्या सोडायला लागल्या, कारण बायडाबाईची बाज राहिली होती आणि दोरी परत द्यायला हवी होती. पण एकही गाठ सुटेना. नखं मोडली, दात लावून झाले, प्रेमलानं खिळ्यानं उचकटून बघितलं. काथ्या जसा काही लाकडाचाच झाला होता.

"शहजादीबाई," बेहेरे बाईंनी हाक मारली, "सोडायची कशी ही? तेवढं लिहून घ्यायचं राहिलं."

शहजादीबाई आल्या, खाली बसल्या, खांब मांडीवर घेतला. टोक शोधलं. इकडून दाबून बघितलं, तिकडून पीळ दिला. मग त्यांचे हात थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर असं नवल उमटलं, जसं काही ही गोष्ट त्यांना आत्ता या क्षणी पहिल्यांदा कळत होती.

"मला येत नाही, बाई," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"अब्बांनी शिकवलंच नाही. त्यांनाही येत नसणार. ताबूत थंडा करतात ना, संगमावर. बांधलेला तसाच्या तसा पाण्यात जातो." त्या जरा हसल्या. "आमच्या घरात बांधलेलं कुणी सोडलंच नाही कधी."

बेहेरे बाईंनी त्या पाच खांबांकडं बघितलं. बांबूच्या खपच्या, काथ्याचे वेढे आणि त्यामधून डोकावणारी नवहौशी मित्र मंडळाची लाल अक्षरं.

"राहू द्या तसेच," त्या म्हणाल्या. "आजींना मी पुण्याहून नवा काथ्या पाठवते. हे असेच गाडीत चढवा."

"हेडबाई विचारतील."

"विचारू देत. त्यांना दाखवायलाच न्यायचेत. आणि पुढच्या वर्षी लागणार आहेतच शिबिराला."

"पुढच्या वर्षी मी नाही, बाई."

"माहीत आहे," बेहेरे बाई म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसायला लागल्या. बराच वेळ पुसत होत्या.

जयसिंगची गाडी दोनला पाच मिनिटं असतानाच आली. टपावर खांब टाकायला मुलींनी साफ नकार दिला. मग ते बसमधल्या मधल्या वाटेत आडवे ठेवले आणि पुणं येईपर्यंत दोन्हीकडच्या मुली पाय वर घेऊन बसल्या.